कुलबाब कुलकानू हल्लीपट्टी पेस्तरपट्टी… या ओळीचा अर्थ आणि सनाचा घोळ

जुनेदप्तर यांचा प्रश्न

एका इनामपत्राचं मोडीतून देवनागरी लिप्यंतर हाती आलं आहे. लिप्यंतर करणाऱ्याने अक्षरं लावून दिली, अर्थ दिला नाही. अडलेली ओळ अशी:

«जमीन चावर । दरसवाद मौजे मजकूर कुलबाबकुलकानू हलीपटी व पेस्तरपटी जलतरुतृणकाष्ठपाषाणनिधिनिक्षेप सहीत खेरीज हकदार व इनामदार करून औलाद अफलाद इनाम दिल्हे असे»

वर «राज्याभिषेक शके ८८ वृषनाम संवत्सरे आश्विन वद्य सप्तमी» आहे आणि शेवटी «छ २१ रबिलावल सु॥ इसन्ने सितैन मया व अलफ».

अडचणी:

१. निम्मी ओळ फारसीसारखी, निम्मी संस्कृत. «कुलबाब कुलकानू» म्हणजे कुणाचं नाव आहे का? कुलकर्णी तर नव्हे?
२. «जमीन चावर» नंतर आकडाच नाही. क्षेत्र राहून गेलंय का?
३. शेवटच्या शब्दांचा आकडा ११६२ होतो असं कळलं. ११६२ हिजरी म्हणजे इ.स. १७४८-४९. पण राज्याभिषेक शके ८८ म्हणजे १७६१. बारा वर्षांचा फरक पडतो. मग कागद बनावट समजायचा का?

त्याच रुमालात, म्हणजे कागदांच्या फडक्यातल्या गाठोड्यात, आणखी एक जुना कागद आहे, त्यावर «सु॥ सबा तिसैन अलफ». त्यात हे वाक्य आहे: «दर हर साल ताजे खुर्दखताचा उजूर न करणे तालीक लेहून घेऊन असल खुर्दखत इनामदार मजकुरास फिराउनु देणे मोर्तब सुद». इथे तालीक म्हणजे तालुका धरायचा का?

---

रुमालवाला

आधी सन, कारण त्यावरच बनावटगिरीचा संशय उभा आहे. कागदात सनाच्या बाबतीत काही चूक नाही. ११६२ हा आकडा बरोबर आहे, फक्त तो हिजरी नाही. सु॥ म्हणजे सुहूर. सुहूर सन, यालाच अरबी सन किंवा मृगसाल म्हणतात. हिजरी ७४५ मध्ये, म्हणजे इ.स. १३४४ च्या सुमाराला, हा सन हिजरीला जोडून सुरू झाला, पण चालतो सूर्यावर. मृग नक्षत्र लागलं की नवं साल. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचं, त्यामुळे ते दर साडेबत्तीस-तेहेतीस वर्षांत एका वर्षाने पुढे सरकतं. १३४४ ते १७६१ अशी चारशे सतरा वर्षं गेली, तेवढ्यात हिजरी तेरा वर्षांनी पुढे गेलं. १७६१ च्या आश्विनात हिजरी ११७५ चालू होतं आणि सुहूर ११६२. तुमचा बारा वर्षांचा घोळ तिथला.

इसवी सन काढायचा नियम: मृगापासून ३१ डिसेंबरपर्यंतच्या कागदाला सुहूर आकड्यात ५९९ मिळवा, १ जानेवारी ते मृग या काळातल्या कागदाला ६००. कुठला धरायचा हे महिना सांगतो. त्या वर्षी रबिलावल सप्टेंबरच्या अखेरीला लागला, म्हणून ५९९. ११६२ + ५९९ = १७६१.

आता छ. हे «चंद्र» चं संक्षिप्त रूप. छ २१ रबिलावल म्हणजे रबिलावल महिन्याचा एकविसावा चंद्र. गंमत अशी की महिना आणि दिवस हिजरीचे, वर्ष मात्र सौर सुहूरचं. एकाच ओळीत दोन पंचांगं नांदतात, आणि नवशिका इथेच हमखास फसतो. तिथी आणि छ यांचा मेळ सोपा आहे: अमावास्येनंतर चंद्र दिसला की महिना सुरू, म्हणून छ चा आकडा तिथीपेक्षा एकाने, क्वचित दोनाने कमी असतो. वद्य सप्तमी म्हणजे शुद्ध प्रतिपदेपासून बाविसावी तिथी. त्यातून एक वजा केला की २१. कागदावर २१ च आहे. म्हणजे राज्याभिषेक शक, संवत्सर, तिथी, छ आणि सुहूर ही पाचही अंगं एकमेकांशी जुळतात. इंग्रजी तारीख १७६१ च्या ऑक्टोबरचा तिसरा आठवडा. नेमका दिवस जंत्रीत, म्हणजे जुन्या तारखांचा मेळ देणाऱ्या कोष्टकात, पाहा, पण एका दिवसाचा फरक आला तर दचकू नका, चंद्रदर्शन गावोगाव मागेपुढे होतं.

नियम तपासायचा असेल तर सगळ्यांना पाठ असलेला दिवस घ्या. पानिपत, १४ जानेवारी १७६१, शके १६८२ पौष शुद्ध अष्टमी. जानेवारी म्हणजे ६०० वजा करायचे, ११६१ आले. त्या वर्षाच्या कागदांवर «इहिदे सितैन मया व अलफ» असतं. इहिदे म्हणजे एक. चंद्र जमादिलाखरचा सहावा किंवा सातवा.

आकडे एकदाच उतरवून भिंतीला लावा:
एक ते दहा: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा, अशर.
वीस ते नव्वद: अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन.
मया शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार.

वाचायचं एककापासून. इसन्ने सितैन मया व अलफ: दोन, साठ, शंभर आणि हजार. आपण बासष्ट म्हणताना आधी दोनच म्हणतो, त्यामुळे मराठी माणसाला हे जड जायला नको. «व» म्हणजे आणि. अलफ हे अलिफ अक्षर नव्हे.

चुका कुठे होतात तर एकक आणि दशक यांत: सबा ७ पण सबैन ७०, तिसा ९ पण तिसैन ९०, सीत ६ पण सितैन ६०. तुमच्या दुसऱ्या कागदावर «सबा तिसैन अलफ» आहे, म्हणजे १०९७, म्हणजे १६९६-९७, राजाराम महाराजांचा काळ. तिथे कुणी घाईत «तिसा सबैन» असं उलटं वाचलं तर १०७९ होईल आणि कागद एकदम संभाजी महाराजांच्या आधी जाऊन बसेल. त्या ओळीचा फोटो मोठा करून पुन्हा पाहा. मोडीत ह्रस्व-दीर्घ इकार-उकार वेगळे नसतात, म्हणून सित, सीत, सिति असं काहीही दिसलं तरी फरक पडत नाही. शेवटचा «ऐन» आहे की नाही, तेवढं पाहायचं.

---

कोशवाचक

सनाचं झालं, आता ओळ. सरकारी कागदाची ही ठरीव शब्दावली आहे, शेकडो इनामपत्रांत थोड्याफार फरकाने हीच येते. म्हणून पहिला उपाय कोश नव्हे. छापलेली चार-पाच इनामपत्रं शेजारी ठेवा आणि तीच ओळ शोधा. जिथे तुमच्याकडे अक्षर फाटलंय तिथे दुसरीकडे ते शाबूत सापडतं.

शब्द तोडताना लक्षात घ्या, मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढून घेत आणि अक्षरं तिला टांगत. दोन शब्दांत मोकळी जागा नसते. जोडाक्षरंही बऱ्याचदा मोडून लिहिलेली असतात, म्हणून पट्टी ची पटी आणि हल्ली ची हली.

*दरसवाद मौजे मजकूर:* दर + सवाद. फारसी «दर» म्हणजे मध्ये, «सवाद» म्हणजे गावाभोवतालची शिवारजमीन. «सदर गावच्या शिवारात» एवढाच अर्थ. संवाद, स्वाद असं काही मनात आणू नका.

*कुलबाब कुलकानू:* नाव नाही, कुलकर्णीही नाही. कुल म्हणजे सगळे, बाब म्हणजे कराची एकेक बाब, कानू म्हणजे कानून, रिवाजाने बसलेली देणी. «सगळ्या बाबी आणि सगळे रिवाजी कर यांसह». बापाशी किंवा कुळाशी संबंध नाही. आज जमाखर्चात आपण «बाब» लिहितो ती हीच.

*हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी:* पट्टी म्हणजे कर. आज चालू असलेली पट्टी आणि पुढे कधी नवी बसेल ती.

*जल तरु तृण काष्ठ पाषाण निधि निक्षेप:* इथून गाडी संस्कृतावर आली. पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड, भूमिगत धन, ठेव. ही यादी मराठी दप्तराने शोधलेली नाही. ताम्रपटांत जमीन देताना «अष्टभोग» लिहीत: निधि, निक्षेप, जल, पाषाण, अक्षिणी, आगामी, सिद्ध, साध्य. त्यातला «आगामी» पाहा आणि «पेस्तरपट्टी» पाहा, पुढे येणाऱ्याची तरतूद दोन्हीकडे आहे. सुलतानी अंमलातल्या फर्मानांची शब्दावली आणि ताम्रपटांची शब्दावली चिटणिसांनी एकाच वाक्यात शिवून टाकली. म्हणून ती तुम्हाला दोन भाषांची वाटते. खरं तर अरबी, फारसी, संस्कृत आणि मराठी अशा चार आहेत, आणि व्याकरण मात्र साफ मराठी: सहित, करून, दिल्हे असे.

*खेरीज हकदार व इनामदार करून:* इथे सगळ्यात जास्त चूक होते. खेरीज म्हणजे वगळून. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांचे हक्क आणि आधीपासून दिलेली इनामं या देणगीत येत नाहीत. काही जण «हकदार व इनामदार करून दिले» असं जोडून वाचतात आणि घराण्याला दोन पदव्या मिळाल्या म्हणून खूश होतात. अर्थ बरोबर उलटा आहे.

*औलाद अफलाद:* मुलंबाळं आणि नातवंडं. अरबी «अहफाद» म्हणजे नातवंडं, त्याचं औलादशी यमक जुळवून मराठीत अफलाद झालं. इतर पत्रांत याच जागी «पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने» असतं.

---

चावडी

क्षेत्र राहिलेलं नाही, ते तिथेच आहे. «चावर ।» मधला उभा दंड हा पूर्णविराम समजून लिप्यंतरात तसाच ठेवला गेलाय. तो पाव आहे. । पाव, ॥ अर्धा, ॥। पाऊण. चावर किंवा चाहूर म्हणजे १२० बिघे, पाव चावर म्हणजे ३० बिघे. बिघा २० पांडांचा, पांड २० काठ्यांचा, म्हणजे बिघ्याला ४०० चौरस काठ्या. एकरात सांगायचं तर बिघा ढोबळ मानाने पाऊण एकर धरतात, पण काठीची लांबी प्रांतागणिक बदलायची. तेवढ्यावर आजच्या गटाचं क्षेत्र जुळवायला जाऊ नका.

याच कागदात «सु॥» मध्ये तीच दोन दांडी संक्षेपाची खूण म्हणून आली आहेत. अक्षरापुढे असली तर संक्षेप, मापापुढे असली तर अपूर्णांक. लिप्यंतर करणाऱ्याला सांगा, दंड एकही गाळू नका आणि स्वतःहून एकही घालू नका. विरामचिन्हं त्या काळच्या मोडीत नव्हतीच.

---

फारसीप्रेमी

कोशवाचक, पेस्तर बद्दल जरा थांबा. फारसीत «पेशतर» म्हणजे पूर्वीचं, आधीचं. मग पेस्तरपट्टी म्हणजे पूर्वीपासूनची पट्टी असा अर्थ का नको? हल्लीची आणि आधीची, जोडीही बरी बसते.

---

कोशवाचक

शंका रास्त, पण फारसीत काय होतं यापेक्षा दप्तरात तो शब्द कसा चालला ते पाहायचं. मराठी कागदांत «पेस्तर सालीं» म्हणजे येत्या साली. वसुलाच्या पत्रांत «हाली इतके घेणे, बाकी पेस्तर सालीं घेणे» अशा धाटणीची वाक्यं भेटतात, तिथे «मागल्या साली घेणे» असा अर्थ लावून बघा, वाक्यच कोसळतं. शिवाय तर्क लावा: चालू असलेल्या पट्ट्या आधी बसलेल्याच असतात, त्या «हल्ली» मध्ये आल्या. इनामदाराला खरी भीती नव्या पट्टीची. माफी त्या भीतीला दिलेली आहे.

---

रुमालवाला

दुसऱ्या कागदातलं वाक्य कुणी घेतलं नाही म्हणून घेतो. तालीक म्हणजे तालुका नव्हे. तालीक म्हणजे नक्कल, असल म्हणजे मूळ प्रत, आजच्या अस्सल मधलं. खुर्दखत हे छोटेखानी हुकूमपत्र. उजूर म्हणजे हरकत, सबब. सगळं वाक्य मराठीत आणलं तर: «दरवर्षी ताजा हुकूम आणा म्हणून अडवू नका. याची नक्कल लिहून घ्या आणि मूळ कागद इनामदाराला परत करा.» हे वाक्य इनामदाराला उद्देशून नाही, परगण्याच्या कारकुनांना आहे. त्यांची वाट अडवायची पद्धत ठरलेली होती: जुना हुकूम गेल्या सालचा, यंदाचा दाखवा.

«मोर्तब सुद» मधलं सुद हे व्याज नव्हे, शुद्धही नव्हे. फारसी «शुद», म्हणजे झालं. मोर्तब सुद, म्हणजे कागद पुरा झाला. ही शेवटची खूण पडली की त्याखाली कुणी नवीन मजकूर घुसवू शकत नाही. शिक्कामोर्तब हा शब्द आजही रोज पेपरात असतो.

आता पहिल्या कागदाचा शेवट तपासा. १७६१ च्या पत्रात बहुधा असं काही सापडेल: «प्रतिवर्षी नूतन पत्राचा आक्षेप न करणे, या पत्राची प्रति लेहून घेऊन हे पत्र भोगवटियास परतून देणे». मधल्या काळात फारसी शब्द जाऊन संस्कृत आले: ताजे खुर्दखत चं नूतन पत्र झालं, उजूर चा आक्षेप, तालीक ची प्रति, फिराउनु चं परतून. हुकूम अक्षरशः तोच. दोन्ही कागद शेजारी ठेवलेत तर एकाचा फाटका शब्द दुसऱ्यावरून भरता येईल.

---

जुनेदप्तर

पाहिलं. पहिल्या कागदाच्या शेवटी «…पत्राचा आक्षेप न करणे या पत्राची प्र… घेऊन हे पत्र भोगव…» इतकं दिसतं, पुढे वाळवीने खाल्लंय. क्षेत्राचा दंड मूळ फोटोतही आहे. आता विचारायचं ते असं की सन जुळला म्हणून कागद खरा म्हणता येईल का, आणि या ओळीवरून आज झाडांवर किंवा दगडखाणीवर काही हक्क सांगता येतो का?

---

चावडी

सन जुळणं ही पहिली चाळणी. इंग्रजांनी इनामांची चौकशी करायला नेमलेल्या इनाम कमिशनच्या वेळी, १८५२ च्या कायद्यानंतर, जुने कागद मागितले गेले तेव्हा नवे «जुने» कागदही तयार झाले, आणि ते करणाऱ्यांना सुहूर सन लावता येत होताच. पुढे पाहायचं ते असं. कागद लांब असेल तर तो तुकडे चिकटवून केलेला असतो, सांध्यावर मागून शिक्का असतो का पाहा, आणि तो दोन्ही तुकड्यांवर अर्धा अर्धा उमटलाय का. सगळ्या मजकुराची शाई एकच आहे का, की क्षेत्राचा आकडा आणि नाव तेवढंच गडद आहे. मोर्तबाची जागा मजकुराला लागून आहे का, की मध्ये संशयास्पद मोकळी जागा सोडून आहे.

सगळ्यात भक्कम पुरावा मात्र घराबाहेर मिळेल. एका इनामाची पत्रं एकाहून जास्त निघत: एक इनामदाराच्या नावे, बाकी गावच्या मोकदमाला (पाटलाला), देशमुख-देशपांड्यांना आणि अंमलदाराला. प्रति लिहून घ्या असा हुकूम त्यातच आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराच्या रुमालांत प्रांत आणि गावाच्या नावाने शोध घ्या. जोडपत्र सापडलं, त्यात तीच तारीख आणि तोच पाव चावर असला, तर वाद मिटला. अर्ज करताना इसवी सनाबरोबर सुहूर सनही अक्षरी लिहून द्या, शोधणाऱ्याचे कष्ट वाचतात.

हक्काचं म्हणाल तर या ओळीवर आज काही उभं राहत नाही. व्यक्तिगत इनामं मुंबई राज्यात १९५२ च्या कायद्याने संपली. देवस्थान इनाम असेल तर गोष्ट वेगळी, ते वर्ग ३ म्हणून नोंदलेलं असतं आणि विकता येत नाही. मराठवाड्यातलं गाव असेल तर तिथे हैदराबादचा वेगळा कायदा लागला. निधि निक्षेप मिळाला तरी खिशात घालायचा नाही, १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरची पुरलेली वस्तू जिल्हाधिकाऱ्याला कळवावी लागते. तुम्हाला जमिनीचा माग काढायचा असेल तर तलाठ्याकडे गाव नमुना ३ मागा, दुमाला, म्हणजे इनाम दिलेल्या, जमिनींची नोंदवही ती. त्यात सर्व्हे नंबर मिळाला की तिथून फेरफार एकेक मागे लावत जा.

---

कोशवाचक

वाळवीने खाल्लेली ओळ भरताना एक पथ्य पाळा. रुमालवाल्यांनी दिलेला मजकूर चौकटी कंसात घाला, «पत्राची प्र[ति लेहून] घेऊन» असा, म्हणजे कागदावरचं किती आणि अंदाजाचं किती ते पुढच्याला कळेल. «हली», «पटी», «दिल्हे» हेही सुधारू नका, जसं आहे तसं ठेवा. शुद्धलेखन सुधारलेलं लिप्यंतर जोडपत्राशी ताडून बघायला निरुपयोगी ठरतं.